दप्तरातला रुमाल आणि शोधयंत्राचे पहिले पान

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावात रस्ता रुंद करायचा होता आणि त्या रस्त्याच्या कडेला एक जुनी बारव होती. तिची मोजमापे, कोनाड्यांतल्या मूर्तींची छायाचित्रे आणि गावातल्या वृद्धांनी सांगितलेली माहिती मी कितीतरी आधी, २०१३ सालीच, माझ्या वेबसाइटवर टाकली होती. कामावर देखरेख करणाऱ्या तरुण अभियंत्याला जाऊन भेटलो. माणूस उद्धट नव्हता. त्याने खिशातून फोन काढला, गावाचे नाव आणि पुढे ‘बारव’ असे लिहिले आणि फोन माझ्यापुढे धरला. म्हणाला, “बघा काका, काहीच येत नाही. ऐतिहासिक असती तर नेटवर काहीतरी असतंच ना?” त्या बारवेचा निम्मा भाग आज भरावाखाली आहे.

त्या अभियंत्यावर माझा राग नाही. राग स्वतःवर होता आणि तो कुतूहलात बदलायला वर्षभर लागले. मी लिहिलेले पान होते, पण सापडत नव्हते. मग एखादी गोष्ट ‘सापडते’ म्हणजे नेमके काय होते? यादीत कोण वर, कोण खाली, हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर? संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुन्या कागदपत्रांमागे हिंडताना जी पद्धत अंगवळणी पडली, तीच इथे वापरली. मागे जायचे, सुरुवात शोधायची आणि एकेक पायरी उतरत यायचे.

निवडणाऱ्याचा हात

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. हे काम प्रचंड होते आणि त्याबद्दल आपण कायमचे ऋणी आहोत. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की जे कागद या खंडांत आले ते पुढच्या पिढ्यांच्या तळटिपांत आले आणि जे रुमालातच राहिले त्यांतले बहुतेक इतिहासाच्या पुस्तकांबाहेर राहिले. कागद नष्ट झाले नव्हते. ते फक्त वाटेवर नव्हते.

हे ज्यांना कळले होते त्यांनी वाटा बांधण्यात आयुष्ये घालवली. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची एकहाती म्हणावी अशा चिकाटीने केली. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मद्रासहून ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातल्या एका सूत्राचा आशय असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. पुस्तक कपाटात आहे एवढ्याने ग्रंथपालाचे काम संपत नाही, ही त्यामागची जाणीव.

या जुन्या व्यवस्थेत एक सोय होती. निवडणारा माणूस माहीत असे. खंडावर संपादकाचे नाव असे, त्याच्याशी वाद घालता येई. पुढच्या तीस वर्षांत बदलले ते नेमके हेच.

यादी करणारी माणसे, शब्द मोजणारी यंत्रे

इंटरनेटवरचे पहिले शोधयंत्र १९९० साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज या विद्यार्थ्याने तयार केले. त्याचे नाव आर्ची. ते फक्त फायलींची नावे शोधत असे, आतला मजकूर नाही. पुढे वेब आले, पाने वाढली आणि १९९४ साली स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी चांगल्या वाटलेल्या वेबसाइटांची विषयवार यादी हाताने करायला घेतली. तीच पुढे याहू झाली. ही यादी म्हणजे दात्यांच्या ग्रंथसूचीची दूरची बहीण. माणसे पाने पाहत आणि योग्य त्या कप्प्यात ठेवत.

कप्प्याच्या आत मात्र नावे वर्णानुक्रमाने लागत. म्हणून दुकानदारांनी वेबसाइटांची नावे ‘ए’ने किंवा अंकाने सुरू करायला सुरुवात केली. ही युक्ती नवी नव्हती. अमेरिकेतल्या दूरध्वनीच्या पिवळ्या पानांत ‘एएए’ अशा नावाच्या कुलूपवाल्यांची आणि नळदुरुस्तीवाल्यांची रांग त्याआधी कितीतरी वर्षे लागत होती. म्हणजे शोधयंत्रात वर येण्याच्या धंद्याचा जन्म शोधयंत्राच्या आधीचा आहे. जिथे यादी आहे तिथे तिच्या डोक्यावर जाऊन बसण्याची धडपड आहे.

हाताने यादी करणे लवकरच अशक्य झाले. १९९४ साली वेबक्रॉलर आणि डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे अल्टाव्हिस्टा, अशी पानांचा संपूर्ण मजकूर वाचणारी यंत्रे आली. त्यांच्या कामाची रीत समजायला सोपी आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी संपूर्ण वेबची शब्दसूची करायची. कुणी शब्द विचारला की त्या शब्दाची पाने काढायची. अवघड भाग पुढे आहे. पाने दहा हजार निघाली, तर आधी कोणते दाखवायचे? तेव्हाचे उत्तर साधारण असे होते: ज्या पानावर तो शब्द जास्त वेळा आणि ठळक जागी आहे, ते आधी.

हे उत्तर बाहेर कळताच लोकांनी काय केले असेल? एकच शब्द शेकडो वेळा लिहिला. वाचकाला विचित्र दिसू नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिला. यंत्राला तो दिसे, माणसाला नाही. पानाच्या पोटात वाचकाला न दिसणारी एक जागा असते. पान कशाबद्दल आहे ते शोधयंत्राला प्रामाणिकपणे सांगावे, म्हणून ती ठेवलेली. तिथे लोकांनी पानाशी संबंध नसलेले पण लोक फार शोधतात असे शब्द कोंबले. शेवटी या जागेवरचा विश्वास उडाला. आपण क्रम लावताना ती पाहत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीरच केले.

तेव्हाच्या गोंधळाचे एक उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यावसायिक शोधयंत्रांपैकी तीन यंत्रे स्वतःचेच नाव शोधल्यावर स्वतःचे पान पहिल्या दहांत दाखवू शकत नव्हती.

दुव्याची साक्ष

ही नोंद लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या १९९८ च्या निबंधात केली आहे. पान स्वतःबद्दल काय सांगते यापेक्षा इतर पाने त्याच्याबद्दल काय सांगतात ते पाहावे, हा त्यांचा विचार. ही कल्पनाही जुनीच. १८७३ साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने, कोणत्या न्यायनिवाड्याचा उल्लेख पुढे कोणत्या निवाड्यांत झाला, याच्या चिकटपट्ट्या वकिलांना विकायला सुरुवात केली होती. त्यातूनच सूत्र उचलून युजीन गारफील्ड याने १९५५ साली शास्त्रीय निबंधांसाठी अशी संदर्भसूची असावी असे सुचवले आणि १९६४ साली ती प्रत्यक्ष काढली. कोणाचा उल्लेख कोण करतो, यावरून कामाचे वजन ठरू लागले. वेबवर हाच विचार रॉबिन ली याने १९९६ साली करून पाहिला होता. त्यानेच पुढे चीनमध्ये बायडू उभे केले.

पेज आणि ब्रिन यांनी एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक उल्लेखाचे वजन सारखे धरायचे नाही. एखाद्या बारवेचा उल्लेख कुणा उत्साही प्रवाशाने केला आणि तोच राजवाड्यांनी केला, तर आपण दोन्ही सारखे मानू का? तसेच, ज्याच्याकडे स्वतःकडे पुष्कळ वजनदार दुवे येतात, त्याने दिलेला दुवा जड. आणि जो शंभर जणांना दुवे देतो त्याचे वजन शंभरांत वाटले जाते. प्रत्येकाचे वजन दुसऱ्याच्या वजनावर अवलंबून असल्याने हा हिशेब पुन्हा पुन्हा करत स्थिर होईपर्यंत न्यावा लागतो. त्यांनी तो सुमारे २ कोटी ४० लाख पानांवर केला. याशिवाय दुवा देताना लोक जे शब्द वापरतात, तेही समोरच्या पानाचे वर्णन म्हणून धरले.

याच निबंधाला जोडलेले एक परिशिष्ट आज वाचताना थबकायला होते. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच, असा इशारा त्यात आहे. उदाहरणही दिले आहे. त्यांच्या यंत्रात मोबाइल फोनबद्दल शोधले, की गाडी चालवताना फोनवर बोलण्याचे धोके सांगणारा अभ्यास सर्वांत वर येई. फोन कंपन्यांच्या जाहिरातींवर जगणाऱ्या यंत्राला असे उत्तर वर ठेवणे जड गेले असते, असे ते लिहितात. त्याच १९९८ साली गोटू नावाच्या यंत्राने यादीतल्या जागांचा उघड लिलाव सुरू केला. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलनेही ३५० जाहिरातदार घेऊन आपली जाहिरात योजना आणली. फरक इतकाच, की जाहिराती आणि मूळ यादी वेगळ्या दाखवायच्या असे ठरले. मूळ यादीत पैसे देऊन वर जाता येत नव्हते. म्हणूनच त्या यादीत दुसऱ्या वाटेने वर नेण्याचा धंदा भरभराटीला आला.

डाव आणि तोड

शब्दांची साक्ष खोटी करता येते, तशी दुव्यांचीही येते. एकमेकांना दुवे देण्यासाठीच हजारो पाने उभी राहिली. २००३ पासून काही लोकांनी संगनमताने ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा दुवा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या अधिकृत चरित्राला दिला. ते शब्द शोधले की ते चरित्र पहिले येई. मूळ पानात ते शब्द कुठेच नव्हते. हे थांबवणारी दुरुस्ती गूगलने २००७ साली केली.

फसवणारे सगळे फुटकळ होते असेही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गूगलने काही दिवस यादीतून काढून टाकली, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे, असा प्रकार तिथे चालला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचे प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बाहेर काढले. कपडे, चादरी अशा साध्या शब्दांवर ती महिनोन्महिने सर्वांत वर होती आणि त्यामागे तिच्याशी सुतराम संबंध नसलेल्या पानांवरचे हजारो दुवे होते. हे दुवे आपण लावायला सांगितले नव्हते असे कंपनीने म्हटले आणि हे काम पाहणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले. गूगलने तिला खाली ढकलले. त्याच महिन्यात नुसता शब्दांचा भुसा भरलेली पाने मागे सारणारी ‘पांडा’ नावाची सुधारणा आली. तिचा परिणाम अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर होईल असे गूगलने सांगितले. एप्रिल २०१२ मध्ये विकतच्या दुव्यांवर ‘पेंग्विन’ आला.

या कुस्तीत पंच कोण? हा प्रश्न न्यायालयातही गेला. सर्च किंग नावाच्या कंपनीने, आपले वजन मुद्दाम कमी केले म्हणून २००२ साली ओक्लाहोमात गूगलवर दावा लावला. मे २००३ मध्ये तो फेटाळला गेला. गूगलने दिलेले वजन हे त्या कंपनीचे मत आहे आणि मत मांडण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, असा निकालाचा आशय. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. जी यादी आपण तराजूसारखी निःपक्ष मानतो, ती कायद्याच्या दृष्टीने कुणाचे तरी मत ठरली. सरदेसायांची निवड हेही मतच होते. पण ते मत आहे हे आपल्याला ठाऊक होते.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडले होते. त्याचा मथितार्थ असा, की एखादे माप नियंत्रणासाठी वापरायला लागले की ते माप म्हणून निकामी होऊ लागते. शोधयंत्रांचा सारा इतिहास म्हणजे या निरीक्षणाचा दाखला आहे. वर्णानुक्रम, शब्दसंख्या, दुवे, प्रत्येक माप सुरुवातीला खरे बोलत होते. ते काय मोजते हे कळल्यावर लोक त्याच्याकडून खोटे वदवून घेऊ लागले.

मराठी पानांचे अज्ञातवासाचे दिवस

इथवरची कथा इंग्रजीची. हे सारे चालले होते तेव्हा मराठी पाने कुठे होती? पुष्कळशी होती, पण यंत्राच्या दृष्टीने नव्हती.

नव्वदच्या दशकात मराठी मजकूर वेबवर येऊ लागला तो वेगवेगळ्या फाँटांतून. या फाँटांची युक्ती अशी, की संगणकाला इंग्रजी अक्षरे साठवायला सांगायची आणि त्या अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवायची. वाचकाने तोच फाँट उतरवून घेतला तर त्याला मराठी दिसे. शोधयंत्राला मात्र डोळे नसतात. त्याच्यापुढे येई तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन काला. शिवाय प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी, म्हणजे एकाच शब्दाचे दहा काले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण आणि जगातल्या लिप्यांसाठी युनिकोड, दोन्ही १९९१ पर्यंत सिद्ध होते. पण ते घरोघरच्या संगणकांत आणि मग लोकांच्या बोटांत उतरायला दशकाहून अधिक काळ गेला. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, त्या सुमारास युनिकोडमधली मराठी पाने हळूहळू वाढू लागली. त्याआधीचा कितीतरी मजकूर शोधयंत्राने कधी वाचलाच नाही.

युनिकोड आल्यावरही पेच संपले नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातला र घ्या. तो दोन वेगळ्या रीतींनी साठवता येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्रासाठी ते वेगळे शब्द आहेत. ‘अ’वर चंद्र असलेल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे जोडत आणि पुष्कळ जण आजही जोडतात. यंत्राने या जोड्या एकच मानल्या तर ठीक, नाहीतर लिहिणारा एका दाराशी आणि शोधणारा दुसऱ्या. त्यात आपण मराठी माणसे निम्म्या वेळी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून शोधतो, हा आणखी एक फाटा.

माझ्या पानाचे काय चुकले

हे सारे वाचून झाल्यावर मी माझ्या पानाकडे पुन्हा पाहिले. पहिली चूक, मजकूर डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात करून घेतला होता आणि पानांची चित्रे करून वेबसाइटवर चढवली होती. यंत्राला तिथे एक अक्षरही नव्हते. दुसरी चूक, पानाचे शीर्षक. मोठ्या हौसेने मी ‘जलस्मृती’ असे नाव दिले होते. ज्याला बारव शोधायची आहे तो ‘जलस्मृती’ कशाला लिहील? तिसरी, माझ्या पानाला कुठूनही एक दुवा नव्हता. रुमालात बांधून मी तो कागद स्वतःच फडताळात ठेवला होता.

चौथी चूक मी नंतर केली. तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणून देतो, अशी हमी देणाऱ्या एका संस्थेला पैसे दिले. दोन महिने मी खरोखर वर आलो. मग कळले, की त्यांनी औषधे आणि कर्जे विकणाऱ्या परदेशी पानांवरून मला दुवे लावले होते. सहा महिन्यांत मी होतो त्याहून खाली गेलो. वर नेण्याची हमी देणारा बहुधा उद्या बंद होणारी वाट विकत असतो, हे इतिहास आधी वाचला असता तर समजले असते.

मग जे केले ते अगदी साधे होते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. शीर्षकात गावाचे नाव आणि ‘बारव’ हा शब्द घातला. पहिल्याच परिच्छेदात तालुका, जिल्हा आणि लोक वापरतात ते इतर शब्दही आणले: पायविहीर, पुष्करणी, स्टेपवेल. प्रत्येक छायाचित्राखाली ते कशाचे आहे ते शब्दांत लिहिले. दर बारवेला स्वतंत्र पान दिले आणि ती पाने एकमेकांना जोडली. सर्व पानांची यादी शोधयंत्राकडे नोंदवली. आसपासच्या तालुक्यांत असेच काम करणाऱ्या मित्रांना पाने दाखवली, आणि ज्यांना उपयोगी वाटली त्यांनी आपणहून दुवे दिले. यात कुणाला फसवणे नव्हते. वाचक कोणत्या शब्दाने विचारेल याचा आधी विचार करणे, इतकेच होते. दाते आणि रंगनाथन यांनी हेच केले होते.

आता वाट पुन्हा बदलते आहे. २०२४ पासून गूगल यादीच्याही वर स्वतःच जुळवलेले तयार उत्तर देऊ लागले आहे, भारतातही. अनेक पानांतून वेचलेला हा मजकूर वाचून माणूस तिथेच थांबू शकतो, मूळ पानावर येण्याची त्याला गरज उरत नाही. मोजमाप कुणी घेतले, कधी घेतले, कोणत्या म्हाताऱ्याने सांगितले, हे त्या चार ओळींत मावत नाही. ज्याला तळटीप प्रिय आहे त्याला याची चिंता वाटणारच. यावर तोड मला अजून सापडलेली नाही. माझ्यापुरते मी एवढे करतो, की प्रत्येक पानाची छापील प्रत काढून तालुक्याच्या वाचनालयात ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या तालुक्यातून एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या गावातल्या विहिरीला पायऱ्या आहेत, कोनाडे आहेत. मुलांना माहिती द्यावी म्हणून त्यांनी ‘पायऱ्यांची विहीर’ असे शोधले आणि माझे पान निघाले. ते शब्द मी पानावर कुठेच लिहिले नव्हते. यंत्र तिथवर कसे पोचले, कुणास ठाऊक. आम्ही दोन रविवार जाऊन त्या विहिरीची मोजणी केली. खालच्या पायरीवर शेवाळाखाली एक झिजलेला लेख आहे. त्याचा ठसा घ्यायचा आहे, पण पाणी उतरेपर्यंत थांबावे लागेल.